बालीचा समुद्र आणि मौनाचा पाडवा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाची लिखित प्रत)



सेवानिवृत्त शिक्षकाने विद्यार्थिवर्गास चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी चिटणीसांची अपेक्षा होती. तसे भाषण मी या व्यासपीठावरून यापूर्वी दोनदा केले आहे, आणि दोन्ही वेळा विद्यार्थिवर्ग मागच्या दाराने भोजनगृहाकडे जाताना मी येथूनच पाहिला आहे. म्हणून यंदा उपदेश बाजूस ठेवून एका प्रवासाची हकीकत सांगण्याची परवानगी मी मागून घेतली. प्रवास माझा नव्हे. माझ्या धाकट्या बंधूंची कन्या मार्च २०२४ मध्ये इंडोनेशियातील बाली बेटावर गेली, तेथे समुद्राच्या तळाशी उतरली आणि तेथील नववर्षाचा सण पाहून परत आली, त्याची ही हकीकत आहे.

विषय घरगुती आहे खरा. परंतु आज आपल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न उभा आहे. मुले-मुली नोकरीस लागतात, स्वतःच्या कमाईतले चार पैसे गाठीस बांधतात आणि एक दिवस म्हणतात, आम्ही परदेशी जाऊन येतो. आईबाप होय म्हणावयास भितात, आणि नाही म्हणावयाचे तर कारण सापडत नाही.

आमच्या घरी कारण होते. आमच्या घराला पाण्याचे भय आहे. मी अकरा वर्षांचा असताना माझे धाकटे काका श्रावणातल्या पुरात नदी ओलांडताना वाहून गेले. त्या दिवसापासून आजीने घरातल्या एकाही मुलास नदीवर पोहावयास जाऊ दिले नाही, आणि आजी गेल्यानंतरही तिचा तो हुकूम कोणी मोडला नाही. मी छत्तीस वर्षे मुलांस भूगोल शिकविला, महासागरांची नावे पाठ करून घेतली. परंतु छातीभर पाण्यात उभा राहिलो तर आजही माझे पाय कापतात. अशा घरातली मुलगी नगरपालिकेच्या तलावात गुपचूप पोहणे शिकली, आणि तेविसाव्या वर्षी म्हणू लागली की, मला समुद्राखाली अठरा मीटर जावयाचे आहे! आमचे एक आप्त म्हणाले, "बुडण्यासाठी परदेशी कशाला? आपली विहीर काय वाईट आहे?" विनोद बरा होता, पण तिच्या आईच्या डोळ्यांस पाणी आले. बंधू मजकडे आले आणि म्हणाले, "दादा, तुम्हीच काय ते ठरवा."

मी ठरविले ते असे: परदेशी जाण्यास हरकत नाही, परंतु आधी आपल्या समुद्रात शिकून ये. मालवणजवळ तारकर्लीस आपल्या राज्याच्या पर्यटन महामंडळाचे या विद्येचे प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळा संपून समुद्र शांत झाला की तेथील काम सुरू होते. ती डिसेंबरात तेथे गेली, वैद्यकीय तपासणीचा कागद भरून दिला, आधी तलावात आणि मग समुद्रात शिकली व प्रमाणपत्र घेऊन आली. ते प्रमाणपत्र अठरा मीटरांपर्यंतचे आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता ही विद्या म्हणजे काय, ते मला समजले तेवढे सांगतो. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. विज्ञानाचा पदवीधर नव्हे. 'स्कूबा' हा मूळचा शब्दच नव्हे. स्वतःपाशी बाळगलेले, पाण्याखाली श्वास घेण्याचे साधन, या अर्थाच्या पाच इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो नामक नौदलाच्या अधिकाऱ्याने आणि एमिल गान्यां नामक अभियंत्याने मिळून असे यंत्र सिद्ध केले की, पाठीवरच्या सिलिंडरातील दाबलेली हवा बुडी मारणाऱ्यास हवी तेव्हा, हवी तेवढी आणि त्या खोलीस साजेशा दाबाने मिळावी. पुष्कळ लोक त्याला ऑक्सिजनचा सिलिंडर म्हणतात. शिकाऊ माणसाच्या पाठीवर असते ती आपण येथे घेत आहोत तीच साधी हवा, फक्त दाबून भरलेली.

सारे मर्म दाबात आहे. आपल्या डोक्यावरच्या हवेचा जेवढा दाब असतो, तेवढा आणखी एक दाब पाण्यात दर दहा मीटरांस वाढतो. म्हणून पृष्ठभागावर भरलेला फुगा दहा मीटर खाली नेला तर निम्मा होतो. कानाच्या पडद्यामागील पोकळीत हवा असते. तीही अशीच आकसते आणि पडदा आत ओढला जाऊन कळ येते. त्यासाठी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकर घालावयाची, म्हणजे कान 'उघडतो'. वर येताना प्रकार उलटा होतो. फुप्फुसांतील हवा फुगते. अशा वेळी श्वास रोखला तर फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. आपल्या विहिरीत बुडी मारणारा मुलगा श्वास रोखण्याची शर्यत लावतो. येथील पहिला नियम नेमका त्याच्या विरुद्ध आहे: श्वास कधीही रोखू नये.

दुसरी गोष्ट सोड्याच्या बाटलीची. दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो. बाटलीचे झाकण एकदम उघडले की जसा फेस उसळतो, तसे घाईने वर येणाऱ्याच्या शरीरात होऊ शकते. म्हणून वर येताना सावकाश यावयाचे, आणि पृष्ठभागाच्या पाच मीटर खाली तीन मिनिटे थांबावयाचे. बुड्या मारून झाल्यावर लगेच विमानातही बसावयाचे नाही. अनेक बुड्या झाल्या असल्यास निदान अठरा तास जाऊ द्यावयाचे.

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणा असतात. तर्जनी व अंगठा जुळवून वर्तुळ केले म्हणजे 'सर्व ठीक'. अंगठा वर केला तर आपण समजतो 'छान!' पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर जावयाचे आहे' असा होतो. आणि येथे असा दंडक आहे की, एकाने अंगठा वर केला की त्याच्या सोबत्याने कारण न विचारता त्याच्यासह वर यावयाचे. हा नियम मला फार आवडला. वर्गात किंवा घरात आपण मुलांस एवढी मोकळीक किती वेळा देतो, हे मी माझ्यापुरते मोजून पाहिले. आकडा सांगत नाही.

बाली हे इंडोनेशियातील हिंदुबहुल बेट. तेथे भेटीचे अभिवादन 'ओम् स्वस्त्यस्तु' असे आहे. फेब्रुवारी २०२४ पासून त्या प्रांताने परदेशी पाहुण्यांकडून दीड लाख रुपिया कर घेण्यास आरंभ केला आहे. हा आकडा ऐकून आमच्या भावजयीने कपाळावर हात मारला होता. परंतु त्यांचे दीड लाख म्हणजे आपले हजाराच्या आतच.

पुतणी राहिली ती बेटाच्या ईशान्येस, तुलांबेन नावाच्या खेड्यात, एका कुटुंबाच्या घरी. त्या घरच्या गृहिणीस ती 'इबू' म्हणे. त्यांच्या भाषेत हा शब्द आईस आणि कोणाही मान्य स्त्रीस चालतो. तेथील किनारा वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा आहे. कारण मागे आगुंग हा तीन हजार मीटरांहून उंच ज्वालामुखी उभा आहे. त्याच्या पायथ्याच्या समुद्रात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, 'लिबर्टी' नावाचे अमेरिकन मालवाहू जहाज पडलेले आहे. ते रबर आणि रेल्वेचे सामान घेऊन चालले असता ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडला. दोन युद्धनौकांनी त्यास ओढून किनाऱ्याकडे आणले. ते आता तरत नाही असे दिसताच तुलांबेनच्या काठावर चढवून ठेवले. तेथे ते एकवीस वर्षे पडून होते. १९६३ साली आगुंग फुटला, हजारावर माणसे दगावली, आणि त्या उलथापालथीत हे सुमारे १२० मीटर लांबीचे धूड काठावरून घसरून पाण्याखाली गेले. आज त्याचा वरचा भाग पाच-सहा मीटरांवर, तर तळ तीस मीटरांच्या आसपास आहे.

योग पाहा: ज्या वर्षी पर्वत फुटला त्याच वर्षी त्या पर्वतावरच्या बेसाकीह मंदिरात शंभर वर्षांनी होणारा एक मोठा विधी चालू होता. त्याचे नाव 'एकादश रुद्र'. नाव ऐकून मी पुतणीस ते पुन्हा उच्चारावयास सांगितले. पुढे शके १९०० च्या अखेरीस, म्हणजे १९७९ साली, तो विधी पुन्हा यथासांग करण्यात आला.

बुडी मारणाऱ्यांचे सिलिंडर किनाऱ्यापर्यंत पोहोचवितात त्या गावच्या स्त्रिया, आणि त्याही डोक्यावरून. गोट्यांवरून चालताना आपला पाय मुरगळतो, आणि त्या बाया एकावर एक दोन सिलिंडर घेऊन सपाता घालून सरसर जातात. पुतणी पहिल्या दिवशी संकोचली. माझे ओझे मीच नेते म्हणाली. तेव्हा इबूंनी तिला सांगितले, "तू नेलेस तर तिची आजची मजुरी तू नेलीस." मग ती गप्प बसली.

पहिली बुडी चांगली झाली. दुसऱ्या दिवशी तिचे नाक किंचित चोंदले होते. ती उतरली, चार मीटरांवर कानात कळ आली. शिकविल्याप्रमाणे एक मीटर वर येऊन तिने फुंकर घातली, पुन्हा उतरली, पुन्हा कळ. तिसऱ्यांदा तसेच झाले तेव्हा तिने अंगठा वर केला. वाटाड्या काही न विचारता तिला घेऊन वर आला. बुडीचे पैसे गेले. त्याच गटातला एक तरुण पर्यटक नंतर म्हणाला, "थोडे सोसले असतेस तर जहाज दिसले असते." रात्री तिने मला फोनवर लिहिले, "काका, एवढ्या लांब येऊन मी घाबरले असे सर्वांस वाटले. मला फार रडू आले."

मी तिला उत्तर लिहिले ते असे: "कान तुझा आहे. पडदा फाटला असता तर त्या गृहस्थाने आपला दिला नसता. सर्दी जाईपर्यंत सुंठ घालून चहा घे आणि देवळे पाहा." श्रावणातल्या त्या संध्याकाळी काठावरून चारजणांनी माझ्या काकांस सांगितले होते, पाणी कंबरेइतकेच आहे, चल. ते परत फिरले असते तर त्यांस कोणी भित्रा म्हटले असते. पण ते घरी आले असते. हे मी तिला लिहिले नाही. येथे आपणांस सांगतो.

तीन दिवसांनी कान मोकळा झाला आणि तिने जहाज पाहिले. लोखंडाच्या बरगड्यांवर प्रवाळ उगवले आहे, तोफेच्या बैठकीभोवती मासे फिरतात, आणि जेथे खलाशी निजत असतील तेथे आता माशांची शाळा भरते. दहा मीटर खाली गेल्यावर तांबडा रंग जणू नाहीसाच होतो. तिच्या हातमोज्यावरची तांबडी पट्टी करडी दिसू लागली, आणि वाटाड्याने विजेरी लावताच पुन्हा तांबडी झाली. पाण्यात सूर्यप्रकाशाचे रंग एकेक करून शोषले जातात आणि तांबडा सर्वांत आधी जातो, हे मी वर्गात फळ्यावर लिहिले असेल. तिने ते स्वतःच्या हातावर पाहिले. अठरा मीटरांवर ती थांबली. खाली जहाजाचा उरलेला भाग अंधुक दिसत होता; तो तिने वरूनच पाहिला.

आता सणांविषयी, कारण माझ्या मते तिच्या प्रवासातला मोठा भाग तोच. ती पोहोचली तेव्हा गालुंगान हा सण नुकताच, २८ फेब्रुवारीस, झाला होता. तो त्यांच्या २१० दिवसांच्या निराळ्या पंचांगाप्रमाणे येतो. धर्माने अधर्मास जिंकले आणि पितर घरी आले, असा त्याचा भाव. दहा दिवसांनी कुनिंगान येतो, तेव्हा पिवळ्या भाताचा नैवेद्य करून पितरांस निरोप देतात. प्रत्येक दारी उंच वेळू उभारलेला असतो. शेंडा नम्रपणे वाकलेला, त्यास नारळीच्या कोवळ्या पात्यांची झालर, भाताच्या लोंब्या आणि फळे. त्याला 'पेंजोर' म्हणतात. पुतणीने छायाचित्र पाठवून विचारले, "काका, ही गुढीच ना?" मी लिहिले, "गुढी म्हणू नकोस. तुझी आत्तेबहीण तुझ्यासारखी दिसते, म्हणून ती तू नव्हेस."

वर्षारंभाचा सण मात्र खरोखर आपल्या नात्यातला आहे. बालीचे लोक शक वर्ष मोजतात. आपण शालिवाहन शक म्हणतो तेच, इसवी सनाच्या ७८ पासूनचे. त्या वर्षाचा पहिला दिवस 'न्येपी'. २०२३ साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला, आले होते आणि दोन्हीकडे शके १९४५ लागले होते. २०२४ साली मात्र न्येपी ११ मार्चला आणि आपला पाडवा ९ एप्रिलला. कारण आपल्या पंचांगात मधे अधिक श्रावण येऊन गेला होता. त्यांचा अधिक महिना तोवर यावयाचा होता. तो पुढे आला, आणि २०२५ साली दोघांत एकाच दिवसाचे अंतर उरले. त्यामुळे आमच्या मुलीने शके १९४६ चा वर्षारंभ दोनदा अनुभविला; एकदा तेथे आणि एकदा घरी श्रीखंड खाऊन.

न्येपीच्या तीन दिवस आधी तुलांबेनच्या किनाऱ्यावर देवळांतील पवित्र वस्तू वाजतगाजत समुद्रावर शुद्धीसाठी आणल्या. या विधीस 'मेलास्ती' म्हणतात. त्या सकाळी बुड्या बंद होत्या. काही पर्यटक कुरकुरले, कारण त्यांचा दिवस फुकट गेला. पुतणीने इबूंकडून कमरेस बांधावयाचा पट्टा मागून घेतला आणि स्त्रियांच्या रांगेत मागे उभी राहिली.

आदल्या संध्याकाळी 'ओगोह-ओगोह' निघतात. बांबू आणि कागद यांचे अक्राळविक्राळ राक्षस गावातील तरुण काही आठवडे खपून करतात, खांद्यावरून मिरवितात, चौकात गरगर फिरवितात आणि शेवटी बहुधा जाळून टाकतात. ढोल, झांजा, आरडाओरडा यांनी गाव दणाणून जातो. येथवर आपणांस काही नवे वाटणार नाही. नवे आहे ते दुसऱ्या दिवशीचे. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत सारे बेट मौन धरते. अग्नी नाही, दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही, करमणूक नाही. रस्त्यावर एक वाहन नाही. विमानतळ चोवीस तास बंद. मोबाइलवरचे इंटरनेटही २०१८ पासून त्या दिवशी बंद ठेवतात. रुग्ण आणि प्रसूती यांस सूट. पाहुण्यास सूट नाही. चौकड्यांचे काळेपांढरे वस्त्र नेसलेले गावचे रक्षक, त्यांस 'पेचालांग' म्हणतात, तेवढे रस्त्यावर फिरतात. कानाविषयी उपदेश करणारे ते तरुण गृहस्थ दुपारी 'जरा समुद्र पाहून येतो' म्हणून निघाले. पेचालांगांनी त्यांस हात जोडून, हसतमुखाने, शब्द न वाढविता दारापर्यंत परत आणून सोडले.

हे सारे जमते कसे, असे मी विचारले. त्याचे उत्तर 'बंजार' या शब्दात आहे. प्रत्येक वस्तीचे एक मंडळ असते. लग्न झालेले प्रत्येक कुटुंब त्याचे सभासद. लाकडी घंटा वाजली की सभेस जावे लागते. लग्नकार्य, अंत्यविधी, उत्सव सारे बंजार मिळून करते, आणि कामास दांडी मारणाऱ्यास दंड होतो. आपल्या कार्यकारिणीने ही शेवटची तरतूद टिपून घेतली असेल, असे अध्यक्षमहाराजांच्या मुद्रेवरून दिसते.

त्या रात्री पुतणीने अंगणात बसून आकाश पाहिले. अमावास्या नुकतीच उलटलेली, आणि बेटावर एकही दिवा नाही. ती म्हणाली, "काका, पाण्याखाली जसा फक्त आपला श्वास ऐकू येतो, तसे ऐकू येत होते." विमानापूर्वी शरीरास जी विश्रांती द्यावयाची, तीही त्या दिवसाने आपोआप मिळाली. दुसऱ्या दिवशी लोक एकमेकांकडे जाऊन क्षमा मागतात. ते तरुण गृहस्थ तिच्याकडे आले आणि म्हणाले, तुझे बरोबर होते. तिने ते कौतुकाने कळविले. मला विशेष वाटले नाही, कारण त्यांनी तसे म्हटले नसते तरी तिचे बरोबरच होते.

ती परत आल्यावर तिच्या आईने आधी तिचे कान पाहिले आणि मग तिला पोटाशी धरले.

आता थोडे कामाचे. आपल्या उन्हाळी शिबिरात मुलामुलींस पोहणे शिकवावे, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीस दिली आहे. एका सन्माननीय सभासदांनी खर्चाचा आणि दुसऱ्यांनी मुलींचा प्रश्न काढला आहे. खर्चाविषयी चर्चा व्हावी. मुलींच्या प्रश्नाविषयी, माझी भावजय पुढच्या सभेस स्वतः बोलणार आहे. ती या वैशाखापासून नगरपालिकेच्या तलावात, उथळ बाजूस, दोरीस धरून का होईना, उतरू लागली आहे. तारकर्लीचा वा बालीचा तपशील ज्यांस हवा असेल त्यांनी तो माझ्या पुतणीस विचारावा. ती मागे स्त्रियांच्या बाजूस, तिसऱ्या रांगेत बसली आहे. कान कसा उघडावयाचा ते ती नाक धरून दाखवील. मात्र ज्यांस सर्दी झाली असेल त्यांनी आज ते करून पाहू नये.